टायरवाले डनलॉप : एका जनावरांच्या डॉक्टरची गोष्ट

टायर म्हटलं की आपल्याला कंपन्या आठवतात. एमआरएफ, सिएट, अपोलो आणि घरातल्या मोठ्या माणसांना विचारलं तर हमखास डनलॉप. आमच्या कॉन्व्हेंटच्या जनरल नॉलेजच्या पुस्तकात एक ओळ होती. टायरचा शोध कोणी लावला? जे. बी. डनलॉप. एक मार्क, विषय संपला! हा माणूस कोण होता, त्याला टायर करावासा का वाटला, पुढे त्याचं काय झालं, याचा त्या ओळीत पत्ताच नव्हता. मला आपलं वाटायचं, असेल कोणीतरी मोठा इंजिनियर. प्रत्यक्षात ते इंजिनियर नव्हतेच. ते जनावरांचे डॉक्टर होते. आणि गंमत म्हणजे हवेच्या टायरचा पहिला शोधही त्यांचा नव्हता!

ही गोष्ट आपल्या बीड जिल्ह्यात सांगायला एक कारण आहे. दसरा-दिवाळी झाली की केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या भागातली कितीतरी गावं अर्धी रिकामी होतात. लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, पिकअपमध्ये बसून जातात. संसार, लेकरं, शेळ्या, सगळं त्या चार-सहा टायरांवर. ऊसतोडीच्या टोळ्यांचे प्रकारसुद्धा कोयता सेंटर, गाडी सेंटर आणि टायर सेंटर या नावांनी ओळखले जातात. टायर सेंटर म्हणजे ज्या टोळीकडे कारखान्याने दिलेली रबरी टायरची बैलगाडी असते ती. म्हणजे आपल्याकडे टायर हा शब्द माणसाच्या कामाचं नाव होऊन बसला आहे. मग त्या टायरच्या माणसाची माहिती आपल्याला नको?

बालपण आणि शिक्षण

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमध्ये एअरशायर परगण्यातल्या ड्रेगहॉर्न या गावी झाला. ते दिवस भरण्याआधीच जन्मले, असं त्यांच्या घरच्यांचं मत होतं. त्यामुळे आपली तब्येत नाजूक आहे अशी त्यांची लहानपणापासून समजूत झाली आणि ते जन्मभर स्वतःला जपत राहिले. प्रत्यक्षात ८१ वर्षं जगले आणि तोवर त्यांना मोठा असा आजार कधी झाला नाही.

एडिंबरोच्या डिक व्हेटर्नरी कॉलेजात त्यांनी पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलं आणि १९ व्या वर्षी ते डॉक्टर झाले. आपण त्या वयात सेकंड इयरला बॅकलॉग मोजत असतो! काही वर्षं स्कॉटलंडमध्ये काम करून १८६७ साली ते आयर्लंडला गेले. तिथे डाउनपॅट्रिक या गावी भावाबरोबर दवाखाना काढला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पुढे बेलफास्ट शहरात मे स्ट्रीटवर त्यांनी मोठा दवाखाना थाटला. १८८० च्या दशकात तो आयर्लंडमधल्या मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांपैकी एक होता.

त्या काळी शहरातलं सगळं दळणवळण घोड्यांवर होतं. ट्रामला घोडा, मालगाडीला घोडा, डॉक्टरांच्या बग्गीला घोडा. रस्ते दगडी फरशीचे आणि चाकाला लोखंडी धाव. म्हणजे आपल्या जुन्या लाकडी बैलगाडीसारखंच. खडखडाट कानाला आणि धक्के हाडांना. दिवसभर गाडीला जुंपून थकलेली जनावरं डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातली. चाक ओढायला जड गेलं की त्याचा त्रास कोणाला होतो, हे त्यांना वेगळं शिकवायला नको होतं.

पोराची तीनचाकी

१८८७ सालची गोष्ट. डॉक्टरांचा मुलगा जॉनी नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती आणि तिला भरीव रबराचे टायर होते. बेलफास्टच्या फरशीच्या रस्त्यावर ती चालवताना पोराला धक्के बसत आणि वेगही येत नसे. डॉक्टरांनी विचार केला की चाक आणि रस्ता यांच्यामध्ये हवा भरली तर काय होईल?

त्यांनी लाकडाची एक गोल तबकडी घेतली. पातळ रबराच्या पत्र्याची ट्यूब केली. ती तबकडीच्या कडेवर बसवून वरून लिननच्या कापडाची पट्टी खिळ्यांनी ठोकली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. झाला टायर! मग दवाखान्याच्या अंगणात चाचणी घेतली. आधी तीनचाकीचं भरीव रबराचं चाक जोरात घरंगळत सोडलं. ते अंगण पार व्हायच्या आधीच आडवं झालं. मग हवेची तबकडी सोडली. ती थेट पलीकडच्या फाटकाच्या खांबाला जाऊन आपटली आणि उलटी फिरली.

आपल्या लॅबमध्ये रोलिंग रेझिस्टन्ससाठी सेन्सर लागतात. डॉक्टरांनी ते दोन चाकं आणि एका अंगणात दाखवून दिलं. १८८८ च्या सुरुवातीला जॉनीच्या तीनचाकीच्या मागच्या चाकांना हवेचे टायर बसले आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी डॉक्टरांना पेटंट मिळालं.

इथे जरा थांबून त्या तबकडीकडे इंजिनियरच्या नजरेने बघा. आतलं रबर फक्त हवा धरून ठेवतं. कापड त्या हवेला फुगू देत नाही, म्हणजे ताण कापड घेतं. आणि वजन? वजन हवा घेते. आजच्या पिकअपच्या टायरमध्ये नेमकं हेच आहे. आत हवा धरणारा थर, मध्ये दोऱ्यांचे प्लाय, वर नक्षी असलेलं जाड रबर. टायरवर आठ पीआर किंवा दहा पीआर असं लिहिलेलं असतं, तो प्लाय रेटिंगचा आकडा. पूर्वी खरंच सुती कापडाचे किती थर आहेत ते त्यावरून कळायचं. आता दोरा नायलॉनचा किंवा पोलादाचा असतो आणि थर कमी लागतात. म्हणून तो आकडा आता फक्त ताकद सांगतो. तरी मूळ डॉक्टरांच्या त्या लिननच्या पट्टीतच.

हसणारे लोक आणि जिंकणारा विली

पेटंट मिळालं म्हणून लगेच कोणी टायर घेत नाही. लोकांना ते जाडजूड टायर बघून हसू यायचं. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर सायकल शर्यती झाल्या. विली ह्यूम नावाचा खेळाडू डनलॉप यांचे टायर लावलेली सायकल घेऊन उतरला. बघ्यांनी हुर्यो उडवली. विलीने चारही शर्यती जिंकल्या आणि हुर्यो बंद झाली! पुढे इंग्लंडमध्ये लिव्हरपूललाही त्याने एक सोडून सगळ्या शर्यती मारल्या.

बेलफास्टला हरलेल्यांमध्ये हार्वे डू क्रॉस या डब्लिनच्या उद्योगपतीची मुलं होती. डू क्रॉस हे आयर्लंडच्या सायकल संघटनेचे अध्यक्ष. आपली पोरं का हरली याचा त्यांनी हिशोब मांडला आणि राग धरण्याऐवजी सरळ टायरच विकत घ्यायचं ठरवलं. १८८९ मध्येच डब्लिनला कंपनी निघाली. डॉक्टरांनी आपलं पेटंट कंपनीला दिलं आणि बदल्यात कंपनीचे १५०० शेअर घेतले.

आधीचा माणूस

आता गोष्टीतली सगळ्यात कठीण जागा. पेटंट मिळून दोन वर्षं होतात न होतात तोच, १८९० मध्ये, डॉक्टरांना कळवण्यात आलं की तुमचं पेटंट चालणार नाही. कारण ही कल्पना ४५ वर्षांपूर्वी दुसऱ्याच माणसाने नोंदवून ठेवली आहे.

तो माणूस रॉबर्ट विल्यम थॉमसन. तोही स्कॉटिश. १८४५ साली, वयाच्या २३ व्या वर्षी त्याने हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं आणि १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना असे टायर लावून चालवूनही दाखवले होते. एक संच तर १२०० मैल चालला. पण त्या वेळी सायकल जन्माला यायची होती, मोटार तर दूरच. पातळ रबर महाग आणि गिऱ्हाईक कोणी नाही. कल्पना कागदावर राहिली आणि लोक विसरले. थॉमसन १८७३ मध्येच वारले होते. डॉक्टरांना त्यांच्या कामाची काहीच कल्पना नव्हती.

या थॉमसन यांची आणखी एक बाब आपल्याला जवळची आहे. हवेचा टायर चालला नाही म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. १८५० च्या दशकात ते जावा बेटावर गेले आणि तिथे त्यांनी उसापासून साखर करायची यंत्रं सुधारली. परत आल्यावर १८६७ मध्ये त्यांनी रस्त्यावर चालणारं वाफेचं इंजिन तयार केलं. त्याच्या चाकांना जाड भरीव रबर होतं, त्यामुळे ते रस्ता न उखडता मागे जड गाड्या ओढू शकायचं. म्हणजे टोइंग! १८७० च्या दशकात अशी इंजिनं हिंदुस्थानातही आली. ती आणणारा इंग्रज अधिकारी क्रॉम्प्टन. पुढे तो विजेच्या क्षेत्रात गेला. आपल्या हॉस्टेलच्या पंख्यावर ज्याचं नाव वाचतो तोच हा क्रॉम्प्टन.

पेटंट गेलं तर कंपनी बुडायला हवी होती. पण डू क्रॉस पक्के व्यापारी. पहिले टायर रिमला चिकटवून टाकलेले असत, त्यामुळे पंक्चर काढणं म्हणजे अर्धा दिवसाचं काम. टायरच्या काठात तार घालून तो रिमवर बसवायची युक्ती वेल्च यांनी १८९० मध्ये काढली, तर काठाची दुसरी एक पद्धत बार्टलेट यांच्या नावावर होती. कंपनीने ही दोन्ही पेटंटं विकत घेतली आणि तग धरला. आज पंक्चरवाला लोखंडी पट्टीने टायर उचकटतो ना, तो वेल्च यांच्या तारेचा काठ. कल्पना एकाची, चालू वस्तू दुसऱ्याची, ती दुरुस्त करता येईल अशी केली तिसऱ्याने. जनरल नॉलेजच्या एका ओळीत एवढी माणसं मावत नाहीत.

पैसा कोणाला मिळाला?

१८९० च्या दशकाच्या मध्यात डनलॉप कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी आपले शेअर विकले. १८९६ मध्ये डू क्रॉस यांनी कंपनी हूली नावाच्या माणसाला ३० लाख पौंडांना विकली आणि त्याने ती लगेच ५० लाख पौंडांची करून बाजारात आणली. या मोठ्या पैशात डॉक्टरांचा वाटा नव्हता. त्यांचं नाव मात्र कंपनीला लागलं आणि जगभर गेलं. कंपनी त्यांची राहिली नव्हती, पण नाव त्यांचंच.

ते डब्लिनला राहिले, तिथल्या एका कापडाच्या व्यवसायात त्यांनी लक्ष घातलं. त्यांच्या डोळ्यांदेखत सायकलवरून टायर मोटारीवर गेला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो ट्रकखालीही येऊ लागला. ऑक्टोबर १९२१ मध्ये थंडी बाधल्याचं निमित्त झालं आणि २३ तारखेला ते गेले. टायरच्या इतिहासावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर छापून आलं. उत्तर आयर्लंडमधल्या नॉर्दर्न बँकेने पुढे १० पौंडांच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं.

आपल्या देशात १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंज इथे डनलॉपचा कारखाना सुरू झाला आणि टायर भारतात बनू लागले. बैलगाडीलाही रबरी टायर लागले. उत्तर भारतात अनेक ठिकाणी अशा गाडीला लोक नुसतं डनलप म्हणू लागले. साहागंजचा कारखाना नंतर बंद पडला, पण शब्द राहिला. सायकलच्या ट्यूबच्या ज्या व्हॉल्व्हवर आपण छोटी रबरी नळी चढवतो, त्यालाही डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात.

आपल्या पिकअपचं काय?

एवढं वाचून कोणी म्हणेल, चरित्र ठीक आहे, पण उपयोग काय? उपयोग आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी पिकअप आहे. कोणी भाजी नेतो, कोणी कापूस. उन्हाळ्यात तिच्याच मागे पाण्याची टाकी जोडली जाते. टायर गोटा झाले की दुकानात जाऊन आधी भाव विचारला जातो. साईज तीच ना, मग बसव! पण साईज सारखी असली तरी टायर सारखा नसतो.

टायरच्या बाजूवर साईजनंतर एक आकडा असतो, तो लोड इंडेक्स. हे किलो नव्हेत, तो तक्त्यातला नंबर आहे. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो. १०८ च्या जागी थोडा स्वस्त म्हणून १०० चा बसवला, तर मागच्या दोन चाकांची ताकद मिळून ४०० किलोंनी कमी झाली. गाडी पहिल्या दिवशी काहीच बोलत नाही. ती बोलते मे महिन्यात, मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात.

आता मागे काही ओढायचं असेल तर हिशोब बदलतो. समजा दोन चाकांची टाकी पाण्यासकट १५०० किलोची आहे. तिच्या वजनाचा साधारण दहावा भाग, म्हणजे १५० किलो, गाडीच्या हुकावर येतो. पण हुक मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो. पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर आणि ॲक्सलपासून हुक १ मीटर मागे धरा. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सप्रमाणे मोमेंट घेतले तर मागच्या ॲक्सलवर २०० किलो वाढतात आणि पुढचा ॲक्सल ५० किलोंनी हलका होतो. म्हणजे मागच्या प्रत्येक टायरवर १०० किलो जादा, तेही गाडीत एक पोतं न ठेवता. त्यामुळे टायर घेताना गाडीतला माल आणि हुकावरचं वजन दोन्ही धरून, त्याच्या वरचा लोड इंडेक्स घ्यावा. कंपनीने गाडीला जो दिला आहे त्याच्या खाली तर कधीच जाऊ नये. आणि टायर जास्त ताकदीचा घेतला म्हणून गाडीची ताकद वाढत नाही. ब्रेक, ॲक्सल, चेसिस तेच असतात.

दुसरी गोष्ट हवेची. आपल्याकडे पक्की समजूत आहे की उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो. हे उलट आहे! वजन हवा पेलते. ९०० किलो वजन आणि ४५ पौंड हवा असेल तर रस्त्याला टेकणारी जागा सुमारे २८५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे वहीच्या पानाच्या निम्म्याच्या आसपास. हवा कमी केली की तेवढंच वजन पेलायला टायर जास्त बसतो, त्याची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि वाकण्याने आतून तापते. त्या तापाने प्लाय सुटतात आणि मग टायर फुटतो. म्हणून हवा सकाळी गाडी गार असताना, गाडीच्या पुस्तकात भरलेल्या गाडीसाठी दिली असेल तेवढी भरावी. दुपारी गरम टायरची हवा सोडू नये.

तिसरी गोष्ट, टायरवर चार आकडी तारीख असते. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी वर्षानुवर्षं दुकानात किंवा उन्हात पडलेला टायर नवा नसतो. रिमोल्ड घ्यायचाच झाला तर पुढच्या चाकाला बसवू नये. एका ॲक्सलला दोन वेगळे टायर नकोत. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर राहिली, की टायर संपला. ओझं ओढणाऱ्या गाडीने तिथपर्यंत वाट न बघितलेली बरी. दुकानात दोन-तीन हजार वाचवायचे की नाही हे आपलं आपण ठरवतो. मागे बसलेल्या बायका-पोरांना कोणी विचारत नाही.

शेवटी पुन्हा डॉक्टरांकडे येतो. टायरची बैलगाडी लाकडी गाडीपेक्षा ओढायला हलकी जाते, हे डॉक्टरांनी अंगणात दाखवलं होतंच. पण झालं काय? गाडी हलकी चालते म्हणून तिच्यावर ऊस जास्त भरला गेला. बैलाच्या मानेवरचं ओझं तेवढंच राहिलं, कदाचित वाढलं. पिकअपचंही तेच. टायर चांगला आला की आपण त्याच्यावर आणखी दोन क्विंटल टाकतो. जनावरांच्या डॉक्टरने दिलेला आराम आपण जनावराला मिळू दिला नाही, माणसालाही नाही. यात दोष रबराचा नाही. किती भरायचं हे चाक ठरवत नाही, ते भरणारा ठरवतो. आपण उद्याचे इंजिनियर आहोत, निदान आपल्या घरच्या गाडीपुरतं तरी ते ठरवू शकतो. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात की एक काम करा. गाडीखाली वाकून चारही टायरचे आकडे वाचा, स्टेपनीचाही वाचा, आणि ते कागदावर लिहून घरच्यांना किलोत सांगा.